एस्क्रो कॉन्ट्रॅक्टमध्ये वाद झाला तर निवाडा कोण करणार?

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा तिघांचा गट दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला ॲप तयार करून देणार आहे. मोबदला १२,००० यूएसडीसी (डॉलरच्या किमतीचं डिजिटल नाणं), चार समान टप्पे, पैसे इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या एस्क्रो कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. पहिल्या टप्प्याचे पैसे सध्या एका साध्या मल्टिसिगमध्ये (अनेक सह्यांनी उघडणाऱ्या खात्यात) आहेत. दोन्ही बाजू एकमेकांना कधी भेटलेल्या नाहीत. ‘काम पटलं नाही’ असं ग्राहक म्हणाला तर निवाडा कोण करणार? विकेंद्रित न्यायालय (जिथे इंटरनेटवरचे अनोळखी पंच मत देऊन निकाल लावतात) जोडावं की मल्टिसिगमधली तिसरी किल्ली कुणाला तरी द्यावी? आणि ‘कोड हाच कायदा’ असेल तर वाद मुळात होतोच कसा?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. अमुक पत्त्यावरून अमुक रक्कम आली का, मुदत उलटली का, तीनपैकी दोन सह्या झाल्या का, एवढंच कॉन्ट्रॅक्टला कळतं. तुमचं ॲप नीट चालतं का हे त्याला कधीच कळणार नाही. ते कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा: हे सांगण्याचा अधिकार कोणाला, किती दिवसांत, आणि त्याने चुकीचं सांगितलं किंवा काहीच सांगितलं नाही तर पैशांचं काय? या तिन्हींची उत्तरं पैसे जमा होण्यापूर्वी कोडमध्ये असायला हवीत. वाद पेटल्यावर त्यात नवीन काही घालता येत नाही, कारण तेव्हा प्रत्येक बदल कुणा एकाच्या तोट्याचा असतो.

एक गल्लत आधीच दूर करतो. कोडमध्येच चूक निघाली तर कोणतंही विकेंद्रित न्यायालय पैसे परत मिळवून देत नाही. २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या इथेरियमवरच्या सामूहिक गुंतवणूक निधीतून कोडमधल्या चुकीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) बाहेर काढले गेले, तेव्हा ते २८ दिवस हलवता येणार नाहीत अशी अट कोडमध्ये योगायोगाने होती. त्या अवधीत चर्चा झाली, आणि २० जुलै २०१६ रोजी ब्लॉक क्रमांक १९,२०,००० वर हार्ड फोर्क (नेटवर्कचे नियमच बदलणारा बदल) करून पैसे परत करण्यात आले. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुन्या नियमांच्या साखळीवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या मल्टिसिग वॉलेटमधले ५ लाखांहून अधिक इथर गोठले. त्यांच्यासाठीही बदलाचा प्रस्ताव आला, पण तो स्वीकारला गेला नाही. फोर्क म्हणजे अख्ख्या नेटवर्कची सहमती, आणि १२,००० यूएसडीसीसाठी ती कुणी देणार नाही. कोडमधल्या चुकीवर उपाय म्हणजे साधा कोड आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी. इथून पुढे मी फक्त ‘काम झालं की नाही’ या वादाबद्दल लिहितो.

निवाडा कोण करणार याच्याही आधी ठरवा की कुणीच काही केलं नाही तर काय होईल. बहुतेक एस्क्रो इथेच फसतात. प्रत्यक्षात दोन बाजू हिरिरीने भांडतात त्यापेक्षा एक बाजू मूग गिळून बसते हे जास्त घडतं. ग्राहक उत्तरच देत नाही, किंवा काम करणारे मध्येच गायब होतात. म्हणून प्रत्येक अवस्थेला मुदत हवी आणि मुदत उलटल्यावर पैसे कोणत्या दिशेला जातील हे ठरलेलं हवं. ठरलेल्या तारखेपर्यंत काम सादर झालं नाही तर पैसे ग्राहकाकडे परत. काम सादर झालं आणि ग्राहकाने ७ दिवसांत हरकत घेतली नाही तर पैसे तुमच्याकडे. कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून जागा होत नाही, मुदत उलटली तरी कुणीतरी ट्रान्झॅक्शन पाठवावंच लागतं. म्हणून ‘मुदत संपली, पुढे सरक’ हे फंक्शन कुणालाही चालवता येईल असं ठेवा. ते फक्त ग्राहकाच्या हातात राहिलं तर मुदतीला काही अर्थच उरत नाही.

ग्राहकाची बाजूही बघायला हवी. तुमच्याकडचा कुणी रिकामी फाइल सादर करून ७ दिवस वाट बघू शकतो. म्हणून सादर करताना कामाच्या फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) ब्लॉकचेनवर नोंदवायचा, त्याच दिवशी ग्राहकाला ईमेल जायचा, आणि मुदत इतकी ठेवायची की ग्राहक चार दिवस आजारी पडला तरी त्याचा हक्क जाऊ नये. दोन-तीन दिवस फार कमी होतात, ७ ते १० ठीक.

आता निवाडा करणाऱ्याकडे वळू. सर्वांत साधी रचना म्हणजे तीनपैकी दोन सह्यांचं मल्टिसिग: एक किल्ली तुमची, एक ग्राहकाची, एक लवादाची. लवाद एकटा पैशांना हात लावू शकत नाही आणि दोघांचं पटलं तर त्याची गरजही पडत नाही. पण नुसत्या मल्टिसिगमध्ये मुदत नसते, त्यामुळे लवाद गायब झाला आणि दोघांचं पटलं नाही तर पैसे कायमचे अडकतात. दुसरा धोका संगनमताचा. लवाद आणि एक बाजू मिळून पैसे कोणत्याही तिसऱ्या पत्त्यावर पाठवू शकतात, म्हणजे दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. त्यामुळे नुसत्या मल्टिसिगपेक्षा लवादाचा अधिकार कॉन्ट्रॅक्टमध्येच बांधून घातलेला मला जास्त सुरक्षित वाटतो. लवादाने फक्त एक आकडा द्यायचा, ० ते १०,०००, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग हे एकक धरून काम करणाऱ्यांचा वाटा. पैसे जायचे ते आधी नोंदवलेल्या दोनच पत्त्यांवर, आणि त्याचं शुल्कही आधीच ठरलेलं.

‘सगळे तुम्हाला किंवा सगळे ग्राहकाला’ असा निवाडा सॉफ्टवेअरच्या कामात क्वचितच न्याय्य ठरतो, कारण काम बहुधा सत्तर टक्के झालेलं असतं. म्हणून वाटणीची सोय हवीच. मात्र लवादाला मोकळं सोडलं तर तो निम्मे-निम्मे करण्याकडे झुकतो, आणि हे ठाऊक असलेली बाजू मुद्दाम टोकाची मागणी करते. याला चांगला उतारा असा: दोन्ही बाजूंनी आपापला वाटणीचा प्रस्ताव द्यायचा आणि लवादाने त्या दोनपैकी एकच निवडायचा, मधला आकडा काढायचा नाही. मग अवास्तव मागणी करणाऱ्यालाच हरण्याची भीती वाटते आणि दोन्ही प्रस्ताव जवळ येऊ लागतात. मात्र प्रस्ताव आधी हॅशच्या रूपात बंद ठेवा आणि दोन्ही आल्यावर उघडा. नाहीतर दुसरा माणूस पहिल्याचा आकडा बघून स्वतःचा ठरवेल. हॅश करताना आकड्याला एक लांब यादृच्छिक संख्या जोडायला विसरू नका. वाटणीचे पर्याय जेमतेम दहा हजार असतात, त्या सगळ्यांचे हॅश काढून तुमचा आकडा ओळखायला क्षणभरही लागत नाही.

विकेंद्रित न्यायालयांचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. क्लेरोस नावाच्या अशा न्यायालयाचं उदाहरण घ्या. पंच होऊ इच्छिणारे क्लेरोसचं पीएनके हे टोकन स्टेक करतात, म्हणजे हमी म्हणून अडकवून ठेवतात, स्टेकच्या प्रमाणात चिठ्ठ्या काढाव्यात तशी यादृच्छिक निवड होते आणि ते मतदान करतात. बहुमताबरोबर गेलेल्यांना शुल्क मिळतं, विरुद्ध गेलेल्यांच्या स्टेकचा काही भाग जातो. यामागची कल्पना अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांची: एकमेकांशी बोलता येत नसेल तर माणसं सर्वांना सहज सुचेल असंच उत्तर निवडतात, आणि प्रामाणिक उत्तर तसं असतं अशी अपेक्षा आहे. निकाल पटला नाही तर अपील करता येतं आणि दर वेळी पंच दुप्पट अधिक एक होतात: ३, मग ७, मग १५. समजा एका पंचाचं शुल्क २५ डॉलर आहे. पहिली फेरी ७५ ची, दुसरी १७५ ची, तिसरी ३७५ ची, एकूण ६२५. तुमचा एक टप्पा ३,००० चा. दोन अपिलांतच त्याचा पाचवा भाग संपला. वादाचा खर्च टप्प्याच्या दहा टक्क्यांच्या वर गेला की खिशाने कमजोर असलेली बाजू बरोबर असूनही माघार घेते, असं माझं ठाम मत आहे. न्यायालय जोडाल त्या दिवशी शुल्काचा आकडा त्याच्या कॉन्ट्रॅक्टमधूनच वाचा आणि हे गणित पुन्हा करा.

या रचनेतून एक व्यावहारिक गोष्ट निघते, ती नीट समजून घ्या. पंच स्वतःला काय वाटतं यापेक्षा इतर पंच काय म्हणतील याचा अंदाज घेत असतो. त्यामुळे करारातलं सरळ, शब्दशः वाचन जिंकतं आणि ‘आमच्या बोलण्यात असं ठरलं होतं’ हे टिकत नाही. डिझाइनचा दर्जा, नीटनेटका कोड, व्यावसायिक वागणूक असले मुद्दे तिथे नेऊ नका. मोजता येईल तेच न्या. शिवाय तिथला पुरावा सार्वजनिक होतो. ग्राहकाचा सोर्स कोड किंवा वापरकर्त्यांची माहिती पुराव्यात द्यावी लागणार असेल तर हा मार्ग बादच समजा.

मत विकत घेण्याचा धोकाही आहे. इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी दाखवलेला एक हल्ला असा: कुणीतरी जाहीर करतो की ‘अ’ला मत द्या, आणि ‘अ’ हरला तर तुमचं नुकसान भरून वर थोडं जास्त देईन. मग प्रत्येकाला ‘अ’ला मत देणंच फायद्याचं ठरतं, ‘अ’ जिंकतो आणि लाच देणाऱ्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. अपिलाची वाढती फेरी हा त्यावरचा मुख्य बचाव. ३,००० च्या वादासाठी असला उद्योग कुणी करेल असं वाटत नाही, पण मोठ्या रकमेच्या कॉन्ट्रॅक्टला पंचांचा एकूण स्टेक वादातल्या रकमेच्या मानाने किती आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा मार्ग यूएमासारख्या ‘आशावादी’ ओरॅकलचा, म्हणजे बाहेरची माहिती कॉन्ट्रॅक्टला पुरवणाऱ्या व्यवस्थेचा. कुणीतरी अनामत ठेवून विधान करतो, ठरलेल्या वेळेत कुणी आव्हान दिलं नाही तर ते खरं मानलं जातं, आणि आव्हान दिलं तर टोकनधारकांचं मतदान होतं. आव्हानाची नेहमीची मुदत २ तासांची असते. बॉट लावून लक्ष ठेवणाऱ्यांना ती पुरते, माणसांना नाही. तुम्ही वापरलंच तर निदान ७२ तास ठेवा. ‘अमुक तारखेला अमुक निर्देशांक इतका होता का’ अशा कुणालाही पडताळता येणाऱ्या गोष्टींसाठी हे स्वस्त आणि वेगवान आहे. शब्दांत जरा संदिग्धता असली की ते डळमळतं. मार्च २०२५ मध्ये पॉलिमार्केट या, यूएमाच्या निकालांवर चालणाऱ्या पैजांच्या बाजारपेठेवर युक्रेनच्या खनिज कराराबद्दलच्या सुमारे ७० लाख डॉलर उलाढालीच्या बाजारात करार झाला नसतानाही निकाल ‘हो’ असा लागला, आणि मोठ्या टोकनधारकांच्या मतांवर बरीच टीका झाली. तुमच्या ॲपच्या दर्जासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

‘आशावादी’ रोलअपमधल्या (मुख्य साखळीबाहेर व्यवहार करून त्यांचा हिशेब तिच्यावर नोंदवणाऱ्या व्यवस्थांमधल्या) सुमारे ७ दिवसांच्या आव्हान-मुदतीशी हे एक समजू नका. तिथेही आधी मान्य, मग आव्हान हीच रीत आहे. पण शेवटी वाद प्रोग्राममधल्या एका सूचनेपर्यंत बारीक करत नेऊन ती सूचना चेनवर प्रत्यक्ष चालवून बघितली जाते. तिथे निवाडा गणिताचा असतो. तुमच्या कामाचा काही भाग तसा करता आला तर जरूर करा.

म्हणजे आतापर्यंत हाती आलेलं एवढं: मुदत आणि मौनाचा परिणाम आधी, मग मर्यादित अधिकाराचा ओळखीचा लवाद, आणि न्यायालय किंवा ओरॅकल तेव्हाच जेव्हा दोघांना मान्य असा एकही माणूस सापडत नाही किंवा प्रश्न निव्वळ मोजणीचा आहे. तुमच्यासाठी मी लवादच निवडेन. दोन्ही बाजूंना ओळख लपवायची असेल तर मात्र उत्तर बदलेल. मग लवादावर दबाव आणता येत नाही आणि त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. तिथे पंचांचं न्यायालय खर्चिक असूनही बरं.

निवाडा कुणीही करो, त्याच्यापुढे जाणारा प्रश्न नीट लिहिलेला नसेल तर सगळं व्यर्थ. ‘काम समाधानकारक आहे का’ हा प्रश्न लिहूच नका. असा लिहा: ‘दुसऱ्या टप्प्याच्या परिशिष्टातल्या १४ चाचण्यांपैकी, १५ तारखेला यूटीसी २३:५९ पर्यंत सादर केलेल्या आवृत्तीत किती पार पडल्या?’ प्रत्येक चाचणीत कोणता फोन, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, काय केल्यावर काय दिसायला हवं हे लिहा. दुरुस्तीच्या किती फेऱ्या फुकट ते लिहा, दोन पुरेत. नंतर मागितलेली नवी गोष्ट टप्प्यात धरायची नाही हेही लिहा, कारण निम्मे वाद तिथेच जन्माला येतात असं मला वाटतं. सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवा: चाचणी पार पडल्याचं तुम्ही दाखवायचं, ती नंतर मोडली असं म्हणणं असेल तर ग्राहकाने. हे सगळं एका फाइलमध्ये घालून तिचा एसएचए-२५६ हॅश कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदवा आणि मूळ फाइल दोघांकडेही जपून ठेवा. आयपीएफएसवर (फाइली अनेक संगणकांवर ठेवणाऱ्या जाळ्यावर) टाकली म्हणजे ती कायम राहते हा समज चुकीचा आहे. कुणी पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर मुद्दाम जपून ठेवली नाही तर ती नाहीशी होते, आणि मग उरलेल्या हॅशवरून मजकूर परत मिळत नाही.

आता आकडे. १२,००० एकदम जमा करून चार टप्प्यांत सोडण्याऐवजी एका वेळी एक किंवा फार तर दोन टप्पे जमा ठेवा, म्हणजे कोणत्याही क्षणी वादात ३,००० ते ६,००० च अडकतील. दोन्ही बाजूंनी प्रत्येक टप्प्याला १५० यूएसडीसी अनामत ठेवायची, लवादाचं शुल्कही तेवढंच. लवादापर्यंत जावं लागलं तर ज्याचा प्रस्ताव नाकारला गेला त्याच्या अनामतीतून शुल्क जाईल. हरकत घेतल्यावर ५ दिवस आपसात मिटवायला, मग लवादाला १४ दिवस, तो गप्प राहिला तर आधीच नाव दिलेल्या दुसऱ्या लवादाला आणखी १४. तोही गप्प राहिला तर निम्मे-निम्मे. पहिला लवाद गप्प राहताच निम्मे-निम्मे अशी सोय ठेवू नका. ज्या पक्षाची बाजू कमकुवत आहे त्याला लवादाला गप्प बसवण्यातच फायदा दिसेल.

कोडमध्ये चार ठिकाणी विशेष लक्ष द्या. एक, यूएसडीसी देणारी कंपनी कोणताही पत्ता काळ्या यादीत टाकू शकते आणि मग त्या पत्त्यावरचं हस्तांतर रद्द होतं. तुम्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोघांना पैसे पाठवत असाल तर एकाचा पत्ता गोठल्यामुळे दुसऱ्याचेही पैसे अडकतील. म्हणून निवाड्यानंतर प्रत्येकाच्या नावे फक्त रक्कम नोंदवा आणि ती ज्याची त्याने काढून घ्यावी. दोन, यूएसडीसीला दशांशानंतर ६ स्थानं असतात, इथरला १८. इथरसाठी लिहिलेला कोड तसाच उचलला तर हिशेब पार बिघडतो. वाटणी करताना एकाचा वाटा गुणाकार-भागाकाराने काढा आणि दुसऱ्याचा वजाबाकीने, म्हणजे पूर्णांकात कापला गेलेला कण आत अडकून राहत नाही. तीन, क्लेरोससारखं न्यायालय जोडलंत तर निकाल म्हणून ० येऊ शकतो, म्हणजे ‘निवाडा देण्यास नकार’. ही शक्यता कोडमध्ये हाताळलेली नसेल तर पैसे तिथेच बसतात. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: कॉन्ट्रॅक्ट बदलण्याची किल्ली कोणाकडे आहे? ज्याच्याकडे ती आहे तोच शेवटचा न्यायाधीश, बाकी व्यवस्था कितीही सुबक असो. इतक्या लहान कामाला बदलता न येणारं कॉन्ट्रॅक्टच बरं.

खरे पैसे टाकण्यापूर्वी टेस्टनेटवर (खरे पैसे नसलेल्या चाचणीच्या नेटवर्कवर) फक्त सगळं सुरळीत घडतं तो मार्ग चालवून थांबू नका. ग्राहक गप्प, तुम्ही गप्प, दोन्ही लवाद गप्प, एकाच बाजूचा प्रस्ताव आला, प्रस्ताव बंद केला पण उघडला नाही, निवाडा दोनदा पाठवला, मुदतीच्या नेमक्या सेकंदाला हरकत आली, अशी प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालवा आणि कॉन्ट्रॅक्टमधली शिल्लक शून्य होते का बघा.

कायद्याचा भाग देशादेशांवर अवलंबून आहे, म्हणून मोजकंच लिहितो. कॉन्ट्रॅक्टबरोबर एक साधा लेखी करार करा आणि त्यात लवादाचं कलम, लवादाचं स्थान आणि भाषा घाला. परदेशी लवाद-निवाड्यांना मान्यता देणारा १९५८ चा न्यूयॉर्क करार १७० हून अधिक देशांनी स्वीकारलेला आहे, पण त्यासाठी लेखी सहमती लागते. निव्वळ टोकनधारकांच्या मतदानाचा निकाल न्यायालयापुढे ‘निवाडा’ म्हणून टिकेलच असं नाही. मेक्सिकोतल्या एका भाडेवादात लवादाने क्लेरोसचा निकाल आपल्या निवाड्यात घेतला आणि तिथल्या न्यायालयाने त्याची अंमलबजावणी केली. त्या प्रकरणात माणसाने दिलेला रीतसर निवाडा मध्ये होता, हे ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये २०२१ साली डिजिटल वादांसाठी खास नियम प्रसिद्ध झाले. त्यांत लवादाला चेनवरच्या मालमत्तेवर थेट कारवाई करण्याचा अधिकार देता येतो. कलम लिहिताना त्यांचा नमुना म्हणून उपयोग होईल.

तुमच्या मजकुरावरून असं दिसतं की पहिल्या टप्प्याचे पैसे आधीच एका साध्या मल्टिसिगमध्ये जमा झालेत. मग पहिलं काम सादर करण्यापूर्वीच ग्राहकाला नव्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, तपासलेला सोर्स आणि मुदतींचा तक्ता पाठवा, आणि दोघांच्या सह्यांनी रक्कम तिकडे हलवा. एकदा काम ग्राहकाच्या हातात गेलं की तुमची घाई वाढते आणि त्याची कमी होते. आज दोघांनाही वादात आपण कोणत्या बाजूला असू हे माहीत नाही, म्हणून बदलाला ‘हो’ म्हणणं दोघांनाही सोपं आहे.